परड्यात अंड्यांसाठी बदकांची पिल्ले वाढवायची आहेत : पाणी, खाद्य आणि हंगाम यांबद्दल मार्गदर्शन हवे

प्रश्न (वडणगे, ता. करवीर)

नमस्कार मंडळी,

आमचे घर वडणगे येथे गावठाणाच्या उंच भागात असून मागे साधारण दीड गुंठ्याचे परडे आहे. परड्यात केळी, अळू, कढीलिंब अशी नेहमीची झाडे, एका बाजूला म्हशींचा गोठा आणि त्याला लागून सासूबाईंच्या गावठी कोंबड्यांचे खुराडे आहे. घरात खाणारी सहा माणसे आहेत. अंडी विकण्याचा विचार नाही. घरापुरती मिळावीत आणि उरली तर शेजारी द्यावीत, एवढाच हेतू आहे. गावठी कोंबड्या खुडूक बसल्या की कित्येक आठवडे अंड्यांचे नाव नसते, म्हणून खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची आठ पिल्ले आणावीत असे आम्ही ठरवत आहोत.

पिल्ले घरात येण्याआधीच काही गोष्टी समजून घेणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे तळे नाही, विहिरीचे पाणी पाइपने परड्यात येते. पोहायला पाणी नसेल तर बदके अंडी देत नाहीत, असे गावात बहुतेक जण सांगतात. त्यात तथ्य किती आहे? म्हशींसाठी शेंगपेंड आणि गोळी पेंड घरात असतेच, तांदळाची कणी आणि मक्याचा भरडाही मिळतो. एवढ्यावर पिल्ले वाढतील का, की कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य आणावे लागेल? सासूबाईंचे म्हणणे असे की एखादी कोंबडी खुडूक बसली की रात्री तिच्याखाली पिल्ले सोडावीत, म्हणजे उबेची काळजी आपोआप मिटेल.

शेवटचा प्रश्न हंगामाचा आहे. नदीकाठचे आमचे शेत पुरात जाते, घर जात नाही. मात्र जून ते सप्टेंबर परड्यात चिखल असतो. बदक हा पाण्यातला पक्षी असल्यामुळे मृगाच्या तोंडावर पिल्ले आणलेली चांगली, असे एकांनी सुचवले. मला ते पटलेले नाही, पण नाही म्हणण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (गारगोटी, ता. भुदरगड)

ताई, पहिले तीन-चार आठवडे नीट पार पडले तर बदके पुढे कोंबड्यांपेक्षा कमी त्रास देतात, म्हणून मी मुख्यतः त्याच काळाबद्दल लिहिते.

अंडी देण्यासाठी बदकाला तळ्याची गरज नसते. त्याला गरज असते ती डोके पूर्ण बुडवता येईल इतक्या खोल भांड्याची. मोठ्या बदकांसाठी १२ ते १५ सेंटिमीटर खोल पाणी पुरते. बदक खाता खाता चोच आणि नाकपुड्या धुते, डोळेही पाण्यात बुडवून स्वच्छ करते. तेवढे पाणी मिळाले नाही तर डोळ्यांच्या कडांना खपल्या धरतात आणि नाकपुड्या चोंदतात. एखादा जुना टब किंवा सिमेंटची उथळ टाकी ठेवली तर ती आनंदाने अंघोळ करतील, पण ती सोय त्यांच्या सुखासाठी आहे, अंड्यांची अट नव्हे. हे पाणी घाण फार लवकर होते, त्यामुळे टब अशा जागी ठेवावा की रोज ओतलेले पाणी थेट तुमच्या केळीच्या आणि अळूच्या बुंध्याशी जाईल. रोज पाणी बदलले की डासांचीही पैदास होत नाही, आणि शेजाऱ्यांची पहिली तक्रार त्याबद्दलच असते.

पिल्लांच्या बाबतीत मात्र पाण्यापासून जपणे हेच मुख्य काम आहे, आणि ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. बदकिणीबरोबर फिरणाऱ्या पिल्लाच्या लवेला तिच्या पिसांचे तेल लागत असते, म्हणून ते पहिल्याच दिवसांत पोहू शकते. यंत्रात उबवलेल्या किंवा कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला ते तेल मिळत नाही, आणि त्याची स्वतःची तेलग्रंथी पुरेसे काम करू लागायला काही आठवडे जातात. असे पिल्लू टबात सोडले की लव भिजते, अंग गारठते आणि बाहेर काढल्यावरही ते सावरत नाही. म्हणून अंगावर पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण पहिला दीड महिना, पोहणे नको. पिण्याचे भांडे मात्र चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतके खोल हवे आणि त्यात स्वच्छ धुतलेले गोटे टाकावेत, म्हणजे पिल्लू आत शिरून बसत नाही. भांड्याखाली एक परात ठेवून तिच्यावर लोखंडी जाळी टाकली आणि जाळीवर भांडे ठेवले तर सांडलेले पाणी परातीत जाते आणि अंथरूण कोरडे राहते. एवढ्या एका सोयीने निम्मा त्रास कमी होतो.

उबेसाठी पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाच्या उंचीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवत चौथ्या आठवड्यात ते २४ अंशांवर आणावे. हल्ली घरोघरी एलईडी दिवे असतात आणि त्यांची ऊब अशा कामाला पुरत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा ६० वॅटचा बल्ब मुद्दाम शोधून आणावा लागतो. मोठ्या खोक्याच्या किंवा गोणपाटाने गुंडाळलेल्या डालग्याच्या एका कोपऱ्यावर तो टांगावा, म्हणजे ज्या पिल्लाला उकडेल त्याला दुसऱ्या टोकाला जाता येते. तापमापकापेक्षाही पिल्लांकडे पाहून अंदाज घेणे मला अधिक खात्रीचे वाटते. ती बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजत आहे, चोच उघडी ठेवून कडेला पसरली असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे विखुरून शांत झोपली असतील तर सारे ठीक आहे. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या वायूने पिल्लेच नव्हे, माणसेही दगावतात.

अंथरुणाला नुसते वर्तमानपत्र नको, कारण त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. बारीक लाकडी भुसाही पहिले काही दिवस टाळावा, कारण पिल्ले तो खाद्य समजून खातात. बारीक कापलेले भाताचे पिंजर उत्तम, किंवा खाली गोणपाट अंथरून ते रोज बदलावे.

तुमच्या सासूबाईंची सूचना चांगली आहे. खुडूक कोंबडी बदकाची पिल्ले सांभाळते. ती अंधारात तिच्याखाली सरकवावीत आणि पहाटे तिने स्वीकारली का हे स्वतः पाहावे. फक्त तिची पिल्ले आणि ही पिल्ले मिसळू नयेत, कारण बदकाची पिल्ले सगळीकडे ओल करतात आणि कोंबडीची पिल्ले त्या ओलीत आजारी पडतात. कोंबडीखाली बदकाची अंडीच उबवायची असतील तर कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते आणि बदकाचे २८ दिवसांत, म्हणजे तिला आठवडाभर जास्त बसावे लागते आणि तेवढ्या काळात तिचे खाणेपिणे जागेवर सांभाळावे लागते. खाकी कॅम्पबेल मादी स्वतः सहसा खुडूक बसत नाही. तुमच्या दृष्टीने हा तिचा गुणच आहे.

खरेदी करताना जातीची खात्री करून घ्यावी. आठवडी बाजारात मिळणारी पांढरीशुभ्र पिल्ले अनेकदा पेकिन जातीची किंवा तिच्या संकराची असतात. ती मांसासाठी वाढवलेली जात आहे आणि अंड्यांत खाकी कॅम्पबेलची बरोबरी करत नाही. चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असलेली मस्कोव्ही बदकेही तशीच कमी अंडी देतात. तसेच एका दिवसाच्या पिल्लांत नर कोणते आणि माद्या कोणत्या हे सरावलेल्या माणसालाच ओळखता येते. न निवडलेली पिल्ले घेतली तर निम्मे नर निघतील असे धरून चालावे. तुम्हाला सहा माद्या हव्या असतील तर आठ नव्हे, बारा पिल्ले घ्यावी लागतील.

उत्तर २ (कागल, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

वरील ताईंनी उबेबद्दल लिहिलेले सर्व योग्य आहे. मी खाद्याबद्दल लिहितो, आणि आधीच विनंती करतो की शेंगपेंडीचा परिच्छेद घरातील सर्वांना वाचून दाखवावा.

बदकाच्या पिल्लांना शेंगपेंड देऊ नका. शेंगदाण्यावर, मक्यावर आणि सरकीवर ओलाव्यात जी हिरवट-पिवळी बुरशी वाढते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, आणि पाळीव पक्ष्यांत बदकाचे पिल्लू या विषाला सर्वाधिक बळी पडणाऱ्यांपैकी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लेही अचानक मेली. शोध घेतल्यावर कारण ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीत सापडले, आणि त्यातूनच या विषाची जगाला ओळख झाली. पुढे प्रयोगशाळांत एखाद्या खाद्यात हे विष आहे का हे तपासण्यासाठी बदकाच्या एक दिवसाच्या पिल्लांचाच उपयोग केला जाऊ लागला, इतकी ती संवेदनशील असतात. ज्या पेंडीने म्हशीला वरकरणी काहीच होत नाही तिने पिल्लाचे यकृत निकामी होऊ शकते. पेंड उकळून किंवा भाजून हे विष जात नाही, बुरशी डोळ्यांना दिसत नसली तरी ते असू शकते, आणि आपल्याकडील पावसाळी हवेत गोठ्यातील पोत्यात ते वाढायला अनुकूल परिस्थिती असते. म्हणून प्रथिनांसाठी शेंगपेंडीऐवजी सोयाबीन पेंड वापरावी. मकाही कडक वाळलेला, वास नसलेला आणि थोडा थोडा भरडून आणलेलाच घ्यावा. एकदा भिजवलेले खाद्य संध्याकाळपर्यंत संपले नाही तर ते फेकून द्यावे. कोंबड्यांना घालू नये.

गोळी पेंड हे जनावरांचे खाद्य आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी त्यात युरिया घातलेला असू शकतो. जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीव त्याचे प्रथिनांत रूपांतर करतात, पण पक्ष्याच्या पोटात तशी सोय नसते. त्यामुळे ती पक्ष्यांपासून दूरच ठेवावी.

पहिल्या आठवड्यांत सुमारे २० टक्के प्रथिने असलेले खाद्य हवे. कणी आणि मक्याचा भरडा यांत प्रथिने तेवढी नसतात, त्यामुळे केवळ त्यांवर पिल्ले जगतील पण वाढणार नाहीत. कोंबडीच्या पिल्लांचे तयार स्टार्टर खाद्य चालते, परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पोत्यावरील माहिती वाचून रक्ती हगवणीचे औषध न मिसळलेले खाद्य मागावे. बदकाची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त खातात, त्यामुळे औषधाची मात्राही त्यांच्या पोटात जास्त जाते. दुसरी गोष्ट नायसिनची, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाची. बदकाच्या पिल्लाला खाद्याच्या किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते, आणि ही गरज कोंबडीच्या पिल्लाच्या गरजेहून बरीच मोठी आहे. मक्यातील नायसिन बांधलेल्या स्वरूपात असल्यामुळे पक्ष्याला फारसे मिळत नाही. ते कमी पडले की दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांचे गुडघे सुजल्यासारखे दिसतात, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि पिल्लू चालण्याऐवजी बसून राहते. अनेक जण याला थंडीचा किंवा वाताचा आजार समजून पाय शेकत बसतात आणि दिवस वाया जातात. खाद्यात ब्रुअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची) पूड मिसळणे हा सोपा उपाय आहे, किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ब जीवनसत्त्वांचे पातळ औषध पिण्याच्या पाण्यातून द्यावे. सुरुवातीलाच दिले तर पाय सुधारतात. हाड वाकून घट्ट झाल्यावर फारसा उपयोग होत नाही.

कोरडे पीठ बदकाच्या घशात चिकटते. म्हणून खाद्य पाणी शिंपडून मुठीत बांधले जाईल इतके ओले करावे, आणि खाद्य समोर असताना पाणी समोर नाही असे कधीही होऊ देऊ नये. तीन आठवड्यांनंतर १६ टक्के प्रथिनांचे खाद्य पुरते आणि अंड्यांवर आल्यावर पुन्हा १८ टक्क्यांच्या आसपास न्यावे. अंड्यांच्या काळात शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यांवरच्या कोंबड्यांचे खाद्य मात्र लहान पिल्लांना घालू नये, कारण त्यातील जास्त कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. हिरवा पाला, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती), गांडुळे आणि गोगलगायी हे सारे बदकांना आवडते आणि खर्च वाचवते. सुकट द्यायची असेल तर ती खारवलेली नसावी किंवा धुऊन घ्यावी, कारण पिल्लांना जास्त मीठ सहन होत नाही. जवळच्या शेतात गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या असतील तर त्या दिवसांत बदके बाहेर सोडू नयेत.

खर्चाचा अंदाज बांधायचा तर एक खाकी कॅम्पबेल २० आठवड्यांपर्यंत साधारण १२.५ किलो खाद्य खाते आणि पुढे अंड्यांवर असताना रोज १२० ग्रॅम किंवा त्याहून अधिक. आठ पक्ष्यांना अंड्यांवर येईपर्यंत एक क्विंटल आणि त्यानंतर रोज किलोभर तरी खाद्य लागेल असे धरावे. चांगल्या व्यवस्थापनात ही जात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते; परड्यात तेवढी मिळणार नाहीत, तरी गावठी कोंबडीच्या मानाने ती पुष्कळच असतील, आणि दुसऱ्या वर्षीही हे पक्षी चांगली अंडी देतात.

उत्तर ३ (ता. शिरोळ)

हंगामाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : मृगाच्या तोंडावर पिल्ले आणू नयेत. मोठ्या बदकाला पाऊस मानवतो हे खरे, पण आर्द्रापासून तरण्या-म्हाताऱ्या पावसापर्यंत आपल्या भागात आठवडाभर ऊन दिसत नाही, पिंजर वाळत नाही, खाद्याला बुरशी येते आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. नेमक्या त्याच काळात पिल्लाला ऊब, कोरडे अंथरूण आणि ताजे खाद्य या तीन गोष्टी लागतात. फेब्रुवारीत पिल्ले आणली तर मार्चअखेरीस त्यांची बल्बची गरज संपते, मे महिन्यात सावली आणि पाणी दिले की पिसे पूर्ण भरतात आणि पाऊस सुरू होईल तेव्हा पक्षी तयार असतात. ही जात साडेचार-पाच महिन्यांची झाली की अंड्यांवर येते, म्हणजे आषाढाच्या सुमारास पहिली अंडी दिसतील. काही जण दिवाळीनंतर पिल्ले आणणे पसंत करतात. तेही चालते, फक्त पौषातल्या रात्री उबेकडे जास्त लक्ष द्यावे लागते आणि अंड्यांची सुरुवात ऐन उन्हाळ्यात होते.

आमचा भाग कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचा असल्यामुळे पुराबद्दलही लिहिणे मला कर्तव्य वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये जे पाणी आले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बदके पोहतात म्हणून ती पुरात सुरक्षित असतात, असे समजू नये. वाहत्या पाण्यात ती वाहून जातात, आणि ओसरताना मागे राहिलेल्या डबक्यांत सांडपाणी, मेलेली जनावरे आणि कुजलेला पाला असतो. तसल्या पाण्यात चोच घातली की बॉट्युलिझमची विषबाधा होऊन मान लुळी पडते आणि पक्षी मरतात. पाणी चढू लागले की बदके बंद जागी, उंचावर ठेवावीत आणि पूर ओसरल्यावर परडे वाळून स्वच्छ होईपर्यंत सोडू नयेत.

रात्रीच्या निवाऱ्याला प्रत्येक बदकामागे तीन-चार चौरस फूट जागा द्यावी, जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावे आणि जमिनीला उतार काढावा. मुंगूस, घूस आणि रानमांजर हे आपल्याकडचे खरे शत्रू आहेत. षटकोनी डोळ्यांची पातळ कोंबडीजाळी कुत्रेही ओढून फाडते, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी वापरून तिची खालची कड फूटभर मातीत पुरावी. लहान पिल्ले दिवसा बाहेर काढाल तेव्हा वरूनही जाळी हवी, कारण कावळे आणि घारी पिल्ले उचलतात.

पुन्हा प्रश्नकर्ती (वडणगे)

तिघांचेही मनापासून आभार. शेंगपेंडीचा परिच्छेद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि पोती गोठ्याच्या दुसऱ्या बाजूला हलवली. आता पिल्ले फेब्रुवारीतच आणू.

दोन शंका उरल्या आहेत. कोंबड्या आणि बदके एकाच परड्यात फिरली तर रोगाचा धोका किती, आणि बर्ड फ्लूची बातमी आली की आपण नेमके काय करावे? तसेच अंड्यांसाठी नर ठेवावाच लागतो का?

उत्तर २ (कागल)

नर नसला तरी मादी अंडी देते. ती फक्त उबवण्याच्या उपयोगाची नसतात. उबवायची असतील तर सहा-सात माद्यांमागे एक नर पुरे. जास्त नर ठेवले तर ते माद्यांच्या मानेची पिसे उपटून त्यांना जखमी करतात, आणि कोंबड्यांच्या मागे लागले तर कोंबडीला मोठी इजा होऊ शकते. दोन महिन्यांच्या सुमारास आवाजावरून फरक कळतो : मादीचा आवाज मोठा आणि स्पष्ट होतो, नराचा घोगरा आणि दबका राहतो. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसे येतात.

पक्षी पकडताना पायांना धरून कधीही उचलू नका. बदकाचे पाय शरीराच्या मानाने नाजूक असतात आणि कोंबडीसारखे लटकवले तर सांधा निखळतो. एका हाताने पोटाखाली आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताने पंख अंगाशी दाबून धरावेत.

रोगांबद्दल लिहायचे तर कोंबड्यांना जेरीस आणणारी मानमोडी (राणीखेत) बदकांना सहसा तेवढी बाधत नाही. पण त्यांचे स्वतःचे दोन-तीन मोठे रोग आहेत. बदकांचा प्लेग हा विषाणूजन्य रोग झपाट्याने पसरतो आणि त्यावर उपचार नाही. त्याची लस ८ ते १२ आठवड्यांच्या वयात देतात. आपल्या भागात बदके कमी असल्यामुळे ही लस दवाखान्यात आयत्या वेळी मागून मिळेल असे धरू नये. पिल्ले आणण्यापूर्वीच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठेवावे. पाश्चुरेला जिवाणूंमुळे होणाऱ्या पटकीवरही लस असते, तिच्याबद्दल त्याच वेळी विचारावे. पहिल्या काही आठवड्यांत यकृताचा विषाणूजन्य रोगही पिल्लांना होतो. तो बाहेरून येतो, म्हणून एकदा आणलेल्या पिल्लांत दुसरीकडची पिल्ले मध्येच मिसळू नयेत.

बर्ड फ्लूची भारतातील पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली, आणि २०२१ च्या सुरुवातीला केरळातील बदकांमध्ये व परभणी जिल्ह्यातील कोंबड्यांमध्ये तो आढळला. बदकांच्या बाबतीत विशेष काळजी अशासाठी घ्यायची की त्यांच्या शरीरात हा विषाणू असूनही ती वरून निरोगी दिसू शकतात, आणि त्यांनी घाण केलेल्या पाण्याने कोंबड्या मरतात. म्हणून दोघांचे खुराडे, पाणी आणि खाद्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि कोंबड्यांना बदकांच्या टबापासून दूर ठेवावे. रंकाळ्यावर किंवा कळंब्याच्या तलावावर हिवाळ्यात जे रानटी पाणपक्षी उतरतात, त्यांच्याबरोबर आपली बदके चरायला सोडू नयेत. प्रादुर्भावाची बातमी आली की पक्षी आत बंद ठेवावेत, नवे पक्षी आणू नयेत, आणि एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते उघड्या हातांनी न उचलता, ओढ्यात न टाकता ताबडतोब तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. खबर दिली तर पक्षी मारावे लागतील या भीतीने लोक गप्प बसतात, आणि त्यामुळे शेजारच्या दहा घरांचे पक्षी जातात.

उत्तर ४ (कसबा बावडा)

अंडी सुरू झाल्यानंतरच्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून थोडे लिहिते.

बदके बहुतेक अंडी पहाटे देतात आणि सकाळी नऊपर्यंत ती देऊन होतात. लवकर सोडली तर कुठे केळीच्या खोडाशी, कुठे टबाच्या कडेला अंडी टाकतात आणि ती कावळ्यांच्या तोंडी जातात. म्हणून नऊच्या आसपासच दार उघडावे. आतमध्ये तीन माद्यांमागे एक याप्रमाणे ३० सेंटिमीटर रुंद, तेवढीच उंच आणि ४५ सेंटिमीटर खोल अशी खोकी जमिनीवरच ठेवावीत, त्यांत कोरडे पिंजर भरावे आणि ते वरचेवर बदलावे. पावसाळ्यात अंडी चिखलाने माखतात ती प्रामुख्याने पिंजर न बदलल्यामुळे. दिवस लहान झाला की अंडीही कमी होतात. हिवाळ्यात निवाऱ्यात संध्याकाळी दिवा लावून एकूण प्रकाश १४ ते १६ तासांपर्यंत नेला तर अंड्यांत फारसा खंड पडत नाही, आणि या कामाला एलईडी दिवा चालतो.

अंडे ६५ ते ७० ग्रॅमचे, पांढरे किंवा किंचित हिरवट-निळसर असते आणि त्यात बलकाचे प्रमाण कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त असते. मळलेले अंडे धुऊन साठवू नये, कारण ओल्या कवचाच्या छिद्रांतून घाण आत जाते. कोरड्या फडक्याने पुसावे, आणि फारच मळलेले असेल तर धुऊन त्याच दिवशी शिजवावे. बदकाच्या अंड्यांत साल्मोनेला जंतूंची शक्यता लक्षात घेऊन ती नेहमी पूर्ण शिजवूनच खावीत. अर्धकच्चे बलक, हाफ फ्राय किंवा दुधात फोडून पिणे हे या अंड्यांच्या बाबतीत नकोच, विशेषतः लहान मुले आणि गरोदर बायका घरात असतील तर. उकडताना कोंबडीच्या अंड्यापेक्षा दोन-तीन मिनिटे जास्त द्यावीत. कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात ही अंडी फार छान लागतात, मात्र पांढरे थोडे चिवट होत असल्यामुळे उकडलेली अंडी रश्श्यात शेवटी सोडावीत, फार वेळ रटरटू देऊ नयेत. ज्याला कोंबडीच्या अंड्याची अॅलर्जी आहे त्याला हे चालेल असे गृहीत धरू नये, आणि ज्याला ते चालते त्यानेही पहिल्यांदा थोडेच खाऊन पाहावे. उरलेली अंडी शेजारी देताना ही बदकाची आहेत आणि पूर्ण शिजवूनच खायची, एवढे प्रत्येक वेळी सांगून द्यावीत.